गादीवरची शिंक

फाल्गुन-चैत्राच्या दिवसांत आमच्या लक्ष्मीपुरीत सकाळच्या वेळी कोणी नवखा माणूस आला, तर त्याला आधी दिसतात ती शिंकणारी माणसे. संकेश्वरी, ब्याडगी, गुंटूर अशी नाना जातींची मिरची पोत्यांतून उतरत असते, गिऱ्हाईक मूठभर मिरची हातात घेऊन तिचा देठ मोडून पाहत असते, आणि तिचा खकाणा उन्हाच्या तिरिपेत तरंगत असतो. हमाल शिंकतो, दिवाणजी शिंकतात, गिऱ्हाईक शिंकते आणि पेढीच्या गादीवर बसलेला मालकही शिंकतो. कोणी कोणाला काही विचारीत नाही. मिरचीच्या धंद्यात शिंक ही तोलाईसारखीच गृहीत धरलेली असते.

याच गृहीत धरण्यामुळे माझ्या हातून एक मोठी चूक घडली. व्यापारात चूक झाली तर वहीत ती दुरुस्त करता येते. ही चूक माणसाच्या बाबतीत झाली होती. माझ्यासारखीच ती इतर घरांतही होत असेल, असे वाटल्यावरून हे लिहीत आहे.

माझा मुलगा बी. कॉम. होऊन पेढीवर बसू लागला, तेव्हा मला झालेला आनंद व्यापारी घरांतील वाचकांना वेगळा सांगायला नको. आमच्या पेढीवर अजूनही जुनी बैठक आहे: जाड कापसाची गादी, वर पांढरी चादर, पाठीला तक्के, पुढे उतरते मेज. ही गादी माझ्या आजोबांच्या वेळची. अभ्रे बदलले, कापूस एकदा पिंजून घेतला, पण गादी तीच राहिली. तिच्यावर मुलगा बसला की पहिल्या पाच-दहा मिनिटांतच त्याला शिंका सुरू होत. एक-दोन नव्हेत; ओळीने दहा-पंधरा. डोळे लाल होत, नाकातून पाण्यासारखा स्राव वाहू लागे, आणि तळहाताने नाक खालून वर चोळण्याची त्याची लहानपणची खोड पुन्हा पुन्हा दिसे. तो उठून बाहेर रस्त्यावर जाऊन उभा राही. तिथे त्याला बरे वाटे.

मी याचा अर्थ माझ्या सोयीने लावला. गोदामात मिरचीच्या पोत्यांमध्ये तासभर उभा राहूनही मी चार शिंकांवर निभावतो, मग याला गादीवर बसल्या बसल्या एवढे काय होते? मनच नसेल, असे मी ठरवून टाकले. पावसाळ्यात त्याचा त्रास वाढला, तेव्हा मी गल्ल्यात ठेवलेली नाकात घालायच्या थेंबांची माझी बाटली त्याच्यापुढे केली. मिरचीच्या हंगामात नाक बंद झाले की मी ते थेंब घालीत असे, आणि पुढे हंगाम नसतानाही घालू लागलो होतो. दोन मिनिटांत नाक मोकळे होई. मुलाचेही झाले. बापाच्या हाताने औषध मिळाले, म्हणून त्याने ते कोणाला न विचारता घेतले.

२०१६ सालच्या लक्ष्मीपूजनाची गोष्ट. नव्या वह्या मांडलेल्या, धूप लावलेला, चार अडते आणि नातेवाईक जमलेले. पहिल्या पानावर स्वस्तिक काढून मी लेखणी टेकवणार, तोच मुलाला शिंक आली, आणि तिच्यामागे दहा-बारा. आमच्या घरात शुभकार्यात शिंकणे हा अपशकुन समजत. माझे वडील तर सौदा ठरताना कोणी शिंकले, तर पाणी पिऊन पुन्हा बोलणी सुरू करीत. मी लेखणी खाली ठेवली आणि सर्वांसमक्ष म्हणालो, “तुला ही गादी मानवत नाही, असेच दिसते.”

त्याने उत्तर दिले नाही. पुढच्याच वर्षी तो पत्नी आणि लहान मुलीला घेऊन पुण्यास एका कंपनीत हिशेबनीस म्हणून गेला. तिकडे शिंका कमी झाल्याचे कानावर आले, तेव्हा मी आप्तेष्टांत हसून सांगत असे, “पाहा, धंदा सुटला आणि सर्दीही सुटली.”

सहा वर्षांनंतर, २०२३ च्या दिवाळीत, सात वर्षांची नात कोल्हापूरला आली. तिला तिच्या वडिलांच्या जुन्या खोलीत, त्यांच्याच जुन्या कापसाच्या गादीवर निजवले. दुसऱ्या दिवशी सकाळी डोळे उघडताच तिला शिंका सुरू झाल्या. ती तळहाताने नाक खालून वर चोळू लागली. मी तिला म्हणालो, “अगं, असे नाक चोळू नये.” आणि तेवढ्यात लक्षात आले की हेच वाक्य तीस वर्षांपूर्वी याच खोलीत मी म्हटले होते.

भाऊबीज झाल्यावर आम्ही तिला कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडे नेले. त्यांनी नाक तपासण्याआधी बराच वेळ नुसते प्रश्न विचारले. शिंका केव्हा येतात? झोपून उठल्यावर की दिवसभर? नाक, टाळू आणि डोळे खाजतात का? घराबाहेर पडल्यावर कमी होते का? स्राव पाण्यासारखा की घट्ट, पिवळा? ताप येतो का? घरात कोणाला दमा आहे का? माझ्या आईला दमा होता, हे मी सांगितले. मग त्यांनी मुलीच्या नाकावर, शेंड्याच्या जरा वर असलेली आडवी बारीक रेघ दाखवली. नाक सतत वर चोळल्याने ती पडते. त्यांनी सहज माझ्या मुलाकडे पाहिले आणि म्हणाले, “तुम्हालाही आहे.” ती रेघ आम्ही घराण्याची ठेवण समजत होतो.

त्यांनी मुलाला विचारले, “तुम्ही काय औषध घेता?” मुलाने खिशातून एक छोटी बाटली काढून मेजावर ठेवली. माझा हात नकळत माझ्या खिशाकडे गेला. मीही माझी बाटली तिच्याशेजारी ठेवली. दोन्ही एकाच औषधाच्या. सहा वर्षांपूर्वी मी दिलेले थेंब तो पुण्यातही दररोज घालत होता. त्रास गेला नव्हता. त्याने तो सांगणे सोडले होते एवढेच.

तेथे डॉक्टरांनी समजावले आणि नंतर मी स्वतः वाचून घेतले, ते आता सांगतो.

नाकाचा त्रास म्हटला की आपण एकच शब्द वापरतो, सर्दी. फार तर ॲलर्जी. वस्तुतः आमच्या एकाच पेढीवर दोन निरनिराळ्या गोष्टी शेजारी शेजारी बसल्या होत्या. माझी होती ती चुरचूर, म्हणजे बाहेरच्या तिखट कणांनी नाकाच्या आतल्या त्वचेला होणारा दाह. मिरचीतला कॅप्सेसिन हा घटक नाकातील मज्जातंतूंच्या टोकांवर बसतो. तेथे एक ग्राहक असतो, जो एरवी चटका देणारी उष्णता ओळखतो. मिरची त्यालाच जागे करते, म्हणून तिखट आपल्याला ‘जाळते’. या ग्राहकाचा शोध अमेरिकेतील डेव्हिड ज्युलियस यांच्या प्रयोगशाळेने १९९७ साली लावला आणि २०२१ साली त्यांना नोबेल पारितोषिकाचा मान मिळाला. मिरचीनेच तो शोध लागावा, याचे मला मिरचीचा व्यापारी म्हणून कौतुक वाटले. या दाहात पक्षपात नसतो. खकाणा पुरेसा असेल तर हमाल, मालक, गिऱ्हाईक सगळेच शिंकतात, आणि खकाण्यातून बाजूला झाले की थोड्या वेळात थांबतात. धूप, उदबत्ती, चुलीचा किंवा गुऱ्हाळाचा धूर, तीव्र अत्तर, रंगाचा वास यांनीही असाच त्रास होतो.

मुलाची गोष्ट वेगळी होती. खरी ॲलर्जी म्हणजे शरीराच्या रक्षकांची चुकीची ओळख. इतरांना निरुपद्रवी असणारा एखादा कण काही जणांचे शरीर शत्रू समजते आणि त्याच्याविरुद्ध एक विशिष्ट प्रतिपिंड तयार करते. ते प्रतिपिंड नाकातील काही पेशींवर पहारेकऱ्यासारखे बसून राहतात. तोच कण पुन्हा आला की त्या पेशी हिस्टामिन नावाचे द्रव्य सोडतात, आणि मग खाज, ओळीने शिंका, पाण्यासारखा स्राव, नाक चोंदणे, डोळ्यांची लाली असे सगळे सुरू होते. ‘ॲलर्जी’ हा शब्द व्हिएन्ना येथील बालरोगतज्ज्ञ क्लेमेन्स फॉन पिर्के यांनी १९०६ साली दिला. हे प्रतिपिंड कोणते, हे इशिझाका या जपानी दांपत्याने १९६६ साली दाखवले. येथे पक्षपात असतो. एकाच गादीवर बसून बाप स्वस्थ राहतो आणि मुलगा बेजार होतो. म्हणून “मला काही होत नाही, मग तुलाच कसे होते?” हा माझा प्रश्न मुळातच चुकीचा होता. असे एकालाच होणे, हीच तर या विकाराची खूण.

मुलाची चाचणी त्याच आठवड्यात झाली. हाताच्या आतल्या बाजूस निरनिराळ्या द्रव्यांचे थेंब ठेवून त्यांतून सुईने त्वचेला हलकेच टोचतात, आणि पंधरा-वीस मिनिटांनी कोणत्या ठिकाणी गांधी उठते ते मोजतात. नातीला दिवाळीत सर्दीचे औषध सुरू होते. त्या औषधाने चाचणीचा निकाल बिघडतो, म्हणून ती काही दिवस आधी थांबवून नाताळच्या सुटीत केली. दोघांच्याही हातावर एकाच ठिकाणी मोठी गांधी उठली: घरातील धुळीतले माइट. माझ्या हातावर काही उठले नाही. डॉक्टरांनी एक गोष्ट बजावून सांगितली, की नुसती गांधी म्हणजे रोग नव्हे. ती रुग्णाच्या हकिकतीशी जुळली पाहिजे. आमच्याकडे ती तंतोतंत जुळत होती.

माइट हा कोळी-गोचिडाच्या कुळातला, आठ पायांचा, मिलिमीटरच्या तिसऱ्या हिश्श्याएवढा जीव. तो डोळ्यांना सहसा दिसत नाही. माणसाच्या अंगावरून झडणारा त्वचेचा कोंडा हे त्याचे अन्न, आणि पाणी तो हवेतल्या ओलाव्यातून घेतो. चावत नाही, रक्त पीत नाही. त्रास होतो तो मुख्यतः त्याच्या विष्ठेच्या सूक्ष्म कणांनी. गादीवर कोणी बसले, चादर झटकली, की ते कण उडतात. जुनी कापसाची गादी, वर्षानुवर्षे तिच्यावर बसणारी माणसे आणि कोल्हापूरच्या पावसाळ्याची ओल, म्हणजे त्याला सर्व सुखसोयी. पुण्याची हवा त्या मानाने कोरडी, मुलाच्या घरातली गादी नवी, म्हणून तेथे त्रास कमी. धंदा सुटला म्हणून सर्दी सुटली, हा माझा सिद्धांत तिथेच संपला. मुलाला खरोखरच ती गादी मानवत नव्हती. मी लक्ष्मीपूजनात बोललेले वाक्य अक्षरशः खरे होते, आणि त्यातला अर्थ सर्वस्वी खोटा होता.

थेंबांच्या बाटल्यांविषयी डॉक्टर स्पष्ट बोलले. हे थेंब नाकातील रक्तवाहिन्या आकुंचित करतात, म्हणून नाक झटकन मोकळे होते. पण ओळीने चार-पाच दिवसांपेक्षा अधिक घातले तर परिणाम उतरताच रक्तवाहिन्या आधीपेक्षाही फुगतात. नाक पुन्हा बंद होते, माणूस पुन्हा थेंब घालतो, आणि रोगापेक्षा औषधच नाक बंद ठेवू लागते. रक्तदाब असलेल्यांनी तर विचारल्यावाचून ते घेऊच नयेत. मला रक्तदाब आहे. दोघांचेही थेंब एकदम न तोडता आधी एका नाकपुडीतले बंद केले, मग दुसरीतले. ते दोन-तीन आठवडे कठीण गेले. रात्री तोंडाने श्वास घेत आम्ही बापलेक, एक कोल्हापुरात आणि एक पुण्यात, एकमेकांना फोन करून “आज कसे?” असे विचारीत असू. एवढे बोलणे आमच्यात कित्येक वर्षांत झाले नव्हते.

त्याऐवजी मुलाला आणि नातीला नाकात मारायचा सौम्य स्टिरॉइडचा फवारा दिला. स्टिरॉइड म्हटल्यावर सूनबाई घाबरल्या. परंतु त्याची मात्रा अत्यल्प असते व काम मुख्यतः नाकापुरतेच होते. तो रोज सकाळी नियमाने घ्यावा लागतो, पूर्ण गुण यायला काही दिवस लागतात, आणि फवाऱ्याचे तोंड नाकाच्या मधल्या पडद्याकडे न धरता बाहेरच्या बाजूस धरायचे असते. खाज आणि शिंका फार असतील तेव्हा गोळी. जुन्या पद्धतीच्या काही गोळ्यांनी झोप येते, तेव्हा त्या घेऊन दुचाकी चालवू नये. आमच्या घरांतले प्रश्नही आम्ही निःसंकोच विचारले. सूर्यास्तानंतर न घेणाऱ्यांसाठी दिवसातून एकदाची गोळी सायंकाळच्या जेवणाबरोबर घेता येईल, आणि कॅप्सूलचे आवरण जिलेटिनचे असू शकते म्हणून साधी गोळी लिहून देता येईल, असे डॉक्टर म्हणाले. नाक मिठाच्या पाण्याने धुतल्यानेही बरे वाटते. फक्त पाणी उकळून गार केलेलेच हवे. उकळलेले पाणी घरात असतेच, तेव्हा ही अडचण आमच्याकडे नव्हती.

आमच्या सौ.नी मात्र खरा प्रश्न विचारला: “म्हणजे ते जीव मारायचे का?” डॉक्टर क्षणभर थांबले. म्हणाले, “नुसते मारून उपयोगही नाही. त्रास विष्ठेचा आहे, ती तशीच राहते. त्यांना ओल आणि कोंडा मिळू देऊ नका, म्हणजे ते वाढणारच नाहीत.” अंथरूण दर आठवड्याला कडक गरम पाण्यात धुण्याची पद्धत त्यांनी सांगितली, पण सौ.चे मन त्याला घेईना. तेव्हा जुन्या गाद्यांऐवजी नव्या घेऊन त्यांवर पहिल्या दिवसापासून घट्ट विणीच्या, चेनच्या खोळी घालणे, त्यांना नेमाने ऊन देणे, खोलीत उजेड-वारा खेळता ठेवणे आणि कोरड्या झाडूऐवजी ओल्या फडक्याने पुसणे, हे आम्ही पत्करले. सौ. घरी येताना म्हणाल्या, “धान्यात जीव होऊ नयेत म्हणून आपण ते उन्हात वाळवतो, पाणी गाळून घेतो. अंथरुणापुरताच यत्नाचार कसा विसरलो?” मला उत्तर सुचले नाही.

पेढीवरची गादी काढली. ती काढताना मन जड झाले, हे लपवीत नाही. आता तेथे लाकडी बैठक आणि रेक्झिनचे पातळ आसन आहे, पुसले की स्वच्छ. गोदामात मिरचीची पोती उलटताना हमालांना आणि मला स्वतःला नाकातोंडावर मास्क बांधायची सक्ती केली. खकाण्याचा त्रास सहसा ॲलर्जीचा नसला, तरी रोज चुरचुरणारे नाक ही धंद्यात गृहीत धरायची बाब नव्हे, हे माझ्या नाकानेच मला शिकवले. पावसाळ्यानंतर फुलणारे गाजरगवत गोदामाच्या मागे माजते, तेही हातमोजे घालून फुलण्याआधी उपटून टाकतो. १९५५ साली पुण्यात प्रथम नजरेस आलेले हे परदेशी तण आज गावोगावी आहे, आणि पुष्कळांच्या नाकाला व त्वचेला ते सोसत नाही.

वाचकांना एवढेच सुचवावेसे वाटते. घरात कोणाला सकाळी उठताच ओळीने शिंका येत असतील, नाक-डोळे खाजत असतील, तर त्याला हट्ट, आळस वा नाजूकपणा समजू नये. रात्री खोकला येत असेल, छातीत घरघर होत असेल, तर अजिबात थांबू नये. नाक आणि फुप्फुसे ही एकाच वाटेची दोन टोके आहेत, आणि अशा नाकाच्या मागे दमा असू शकतो. एकाच नाकपुडीतून सतत स्राव किंवा रक्त येणे, वास कळेनासा होणे, ताप आणि चेहऱ्याचे दुखणे ही लक्षणे साध्या ॲलर्जीची नव्हेत. लहान मुलाच्या एकाच नाकपुडीतून दुर्गंधी येऊ लागली, तर आत शेंगदाणा वा मणी अडकलेला असू शकतो. आणि एकाची बाटली दुसऱ्यास देऊ नये, मग तो पोटचा मुलगा का असेना.

दशलक्षण पर्व संपल्यावर क्षमावाणीच्या दिवशी मी दरवर्षी ‘उत्तम क्षमा’ म्हणून दोन-अडीचशे लोकांना पत्रे आणि हल्ली मोबाइलवर संदेश पाठवतो. त्यांत मुलाचेही नाव असे. परंतु तो संदेश सगळ्यांना एकच असे. २०२४ साली मी त्याला फोन केला आणि लक्ष्मीपूजनात चार माणसांसमोर जे बोललो, त्याची नाव घेऊन क्षमा मागितली. तो बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, “आण्णा, मला तेव्हा वाटायचे की तुम्ही म्हणता तेच खरे असेल. माझेच मन नसेल.”

शिंकांपेक्षा हे ऐकणे मला अधिक जड गेले. स्वतःच्या नाकावर विश्वास ठेवायचा की बापाच्या शब्दावर, असा प्रश्न त्याला पडला होता, आणि त्याने बापाचा शब्द निवडला होता.

तो पेढीवर परत आलेला नाही, आणि मी तसे म्हणतही नाही. पुण्यात त्याचे बरे चालले आहे. त्या वर्षीच्या दिवाळीत सारे घरी होते. धूप बाहेरच्या सोप्यात ठेवला होता. मी वहीवर स्वस्तिक काढीत असता नातीला शिंक आली. ती घाबरून माझ्याकडे पाहू लागली. घरात कोणीतरी तिला जुनी गोष्ट सांगितली असावी. मी तिच्या हातात रुमाल दिला, आणि लेखणी खाली न ठेवता पहिली ओळ पूर्ण केली.